नदीच्या वाट्याचे पाणी

धरणाखाली किंवा कालव्याच्या मुखाशी नदीपात्रात निदान किती पाणी राहिले म्हणजे तिची जीवसृष्टी टिकेल, हा हिशोब मांडणारे शास्त्र त्या पाण्याला ‘पर्यावरणीय प्रवाह’ म्हणते. एका ठोक आकड्याचा मोह सोडणे हे या शास्त्राला गेल्या अर्धशतकात सावकाशच जमले आहे.

अमेरिकेतील डोनाल्ड टेनंट यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धत तिच्या सोपेपणामुळे जगभर पसरली. मोंटाना, वायोमिंग व नेब्रास्का येथील ११ प्रवाहांत पात्राची रुंदी, पाण्याची खोली आणि वेग मोजून त्यांनी असे ठरवले की, वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १०% पाण्यात मासे थोडा काळ कसेबसे तग धरतात, ३०% पाण्यात त्यांना बरा अधिवास मिळतो आणि ६०% पाण्यात उत्तम. मात्र वर्षाचे बहुतेक पाणी चार महिन्यांत वाहून नेणाऱ्या मोसमी नदीला हे माप लावले, की वार्षिक सरासरीच फसवी ठरते, कारण तिच्यात मुख्यतः पुराचे पाणी मोजलेले असते आणि उन्हाळ्यात नदी मुळातच त्या सरासरीच्या कितीतरी खाली वाहत असते.

पुढे १९९७ मध्ये लेरॉय पॉफ आणि सहकाऱ्यांनी प्रवाहाची पाच अंगे सांगितली: पाणी किती, किती वेळा, किती काळ, केव्हा आणि किती झपाट्याने चढते-उतरते. पहिल्या पुराची चाहूल लागताच अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात, मोठा पूर खडी-गोट्यांत बसलेला गाळ धुऊन काढतो, आणि पाणी एकाएकी उतरले तर काठाच्या उथळ जागी आलेली पिल्ले कोरड्यावर अडकतात. म्हणून पूर अडवून तेच पाणी वर्षभर एकसारखे सोडल्यास बेरीज जुळली तरी नदीचे चक्र मोडते.

दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी विकसित केलेल्या पद्धतीत मासे, कीटक, काठावरील वनस्पती आणि पात्राची घडण यांचे जाणकार एकत्र बसून शून्यापासून सुरुवात करतात आणि महिन्यागणिक किमान प्रवाह, मधले छोटे लोंढे व मोठे पूर असे एकेक घटक, प्रत्येकाचे कारण नोंदवूनच, जोडत जातात. तेथील १९९८ च्या जलकायद्याने माणसाच्या मूलभूत गरजा आणि नदीची परिसंस्था यांसाठीचे पाणी इतर सर्व वापरांच्या आधी राखून ठेवले.

भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने हरिद्वारपर्यंतच्या गंगेसाठी मासिक सरासरी प्रवाहाच्या २० ते ३०% असे ऋतुमानानुसार बदलणारे प्रमाण ठरवले, तर भीमगोडा बंधाऱ्याखाली ऑक्टोबर ते मे या काळात सेकंदाला ३६ घनमीटर आणि पावसाळ्यात ५७ घनमीटर असे स्थिर किमान आकडे दिले. आठ महिन्यांना एकच आकडा हे शास्त्राच्या दृष्टीने तोकडेच. तथापि पूर्वी असे बंधनच नव्हते, हेही मान्य करावे लागते.

नदीत पाणी वाढले म्हणजे ती सुधारली, असेही नाही. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर पश्चिमेला वाशिष्ठीत उतरते, त्यामुळे एका नदीचा प्रवाह घटतो, तर दुसरीत ऐन उन्हाळ्यातही विजेच्या मागणीप्रमाणे पाणी चढते-उतरते, आणि दोघींच्या वाट्याचे पाणी ठरवायचे तर हिशोब स्वतंत्रपणेच मांडावा लागतो.