जुन्या बोटीचा एसी : यंत्र तेच, कंट्रोल नवा

वीस-पंचवीस वर्षं वयाच्या अमेरिकी बनावटीच्या मोटरबोटीत केबिनच्या भिंतीवर अनेकदा तीन गोल खटक्यांची एक पट्टी दिसते. पहिला खटका बंद, नुसता पंखा आणि एसी यांच्यात फिरतो, दुसऱ्यानं पंख्याचा वेग बदलतो आणि तिसरा थर्मोस्टॅटचा. क्रूझएअर आणि मरीन एअर ही त्या काळातली दोन गाजलेली नावं. आज दोन्ही डोमेटिककडे आहेत. अशी कित्येक यंत्रं अजून उत्तम गारवा देतात, फक्त खटके खाऱ्या हवेनं खाल्लेले असतात. मग मालकाला सल्ला मिळतो, सगळं काढून नवा एसी बसवा. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. कंट्रोल बदलणं हे विजेचं काम आहे, त्यात गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही. आणि न लावलेलाच बरा, कारण जुन्या यंत्रांत बहुधा आर-22 हा गॅस असतो. अमेरिकेत त्याचं नवं उत्पादन आणि आयात 1 जानेवारी 2020 पासून बंद आहे.

घरचा एसी आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, बोटीचा एसी ती समुद्राच्या पाण्यात टाकतो. तळाच्या झडपेतून पाणी आत येतं, जाळीतून गाळून पंपात जातं, पंप ते कंडेन्सरमधून ढकलतो आणि गरम झालेलं पाणी बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर पडतं. म्हणजे कंट्रोलला एकाच वेळी चार गोष्टी सांभाळायच्या असतात : कॉम्प्रेसर, समुद्राच्या पाण्याचा पंप, केबिनचा पंखा आणि गारव्याऐवजी ऊब हवी असेल तेव्हा गॅसची दिशा उलटवणारा व्हॉल्व्ह.

जुन्या पट्टीत हे सगळं थेट चालतं. पूर्ण दाबाची वीज खटक्यापर्यंत येते आणि तिथूनच मोटरींकडे जाते. थर्मोस्टॅटमधून निघालेली केसासारखी बारीक तांब्याची नळी परतीच्या हवेच्या वाटेत जाऊन बसते. तिच्या टोकाच्या फुग्यातला द्रव तापला की दाब वाढतो आणि खटका लागतो. इलेक्ट्रॉनिक बोर्डाशिवाय चालणारी ही रचना टिकाऊ खरी, पण ती थांबायला शिकलेली नाही. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर त्याच्या दोन बाजूंचा दाब सारखा व्हायला साधारण तीन मिनिटं लागतात. त्याआधी कुणी खटका फिरवला, किंवा जनरेटरवरून किनाऱ्याच्या विजेवर जाताना क्षणभर वीज गेली, तर कॉम्प्रेसर त्या दाबाविरुद्ध सुरू व्हायला बघतो, अडतो, नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि शेवटी ओव्हरलोड ट्रिप होऊन बंद पडतो. हे वर्षानुवर्षं झालं की कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. नव्या कंट्रोलचा खरा फायदा माझ्या मते इथेच आहे. आकडे दाखवणारी सुबक पाटी दिसायला छान, पण पैसे वसूल होतात ते त्या तीन मिनिटांच्या सक्तीच्या विश्रांतीत.

मुंबईत तर हे जास्तच लागू पडतं. गेटवेसमोर नांगरलेल्या बोटींना किनाऱ्याची वीज नसते, सगळा एसी जनरेटरवर चालतो. दोन केबिनचे कॉम्प्रेसर एकाच क्षणी सुरू झाले तर लहान जनरेटर गुदमरतो. नव्या कंट्रोलमध्ये प्रत्येक यंत्राला सुरू होण्याची वेगळी वेळ नेमून देता येते. तरीही जनरेटर दबत असेल तर कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर जोडावा. ती वस्तू वेगळी, तिचं काम वेगळं. रात्री जनरेटर चालवून झोपणाऱ्यांनी केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवायलाच हवा, कंट्रोल कुठलाही असो.

पण आधी खात्री करा, की दोष कंट्रोलचाच आहे. एसी दहा मिनिटं चालून बंद पडतो ही तक्रार बहुतेक वेळा पाण्याची असते. जाळीत शेवाळ अडकतं, तळाच्या तोंडाशी बारीक शिंपले बसतात, प्रवाह कमी होतो, गॅसचा दाब चढतो आणि हाय-प्रेशर स्विच यंत्र थांबवतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरून मोजा : एक टनाच्या, म्हणजे 12,000 बीटीयूच्या यंत्राला मिनिटाला सुमारे 11 लिटर पाणी हवं. ते मिळत नसेल तर नवा कंट्रोल तीच तक्रार आकड्यांत लिहून दाखवील, इतकंच. पाणी ठीक असून कॉम्प्रेसर नुसता गुरगुरत असेल तर कपॅसिटर तपासून घ्या.

नवा संच दोन भागांचा असतो. एक बोर्डाची पेटी, जी यंत्रापाशी बसते आणि मोटरींची वीज जोडते-तोडते. दुसरी भिंतीवरची लहान पाटी, जी टेलिफोनच्या वायरीसारख्या बारीक केबलनं पेटीशी बोलते. भिंतीत आता कमी दाबाची केबलच येते, ही सुरक्षेची मोठी गोष्ट. जुन्या पट्टीचं भोक मोठं असतं, त्यामुळे सागवानाची किंवा अ‍ॅक्रिलिकची झाकणपट्टी करावी लागते. पाटीवर ऊन किंवा एसीचा झोत येत असेल, तर तापमानाचा सेन्सर परतीच्या हवेत बसवणं उत्तम.

काम सुरू करण्याआधी किनाऱ्याची वीज, जनरेटर आणि इन्व्हर्टर तिन्ही बंद करा, मीटरनं तपासा आणि कपॅसिटर डिस्चार्ज करा. अमेरिकी बोटीवर आपल्याकडच्या वायरमनला एक गोष्ट ठणकावून सांगावी लागते. तिथल्या 230 व्होल्टच्या जोडणीत दोन्ही तारा जिवंत असतात. आपल्यासारखी एक फेज आणि एक न्यूट्रल नसते. पांढरी तार दिसली म्हणून ती न्यूट्रल समजू नये. तसंच यंत्राच्या माहितीपट्टीवर फक्त 60 हर्ट्झ लिहिलं असेल, तर आपल्या 50 हर्ट्झवर मोटरी सुमारे सहाव्या हिश्शानं हळू फिरतील आणि जास्त तापतील. हा प्रश्न कंट्रोल बदलून सुटत नाही.

मग प्रत्येक वायरीवर चिठ्ठी लावा, फोटो काढा. रंगांवर भरवसा ठेवू नका, जुन्या बोटीत आधी कुणी काय जोडून ठेवलंय सांगता येत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा हाय-प्रेशर स्विचच्या दोन वायरींचा होतो. जुन्या पट्टीत हा स्विच कॉम्प्रेसरच्या वाटेतच असू शकतो, म्हणजे त्यात पूर्ण दाबाची वीज खेळते. बऱ्याच नव्या बोर्डांवर त्याची जागा कमी दाबाच्या इनपुटवर असते. जुनी वायर न तपासता तिथे खोचली, की बोर्ड जळालाच म्हणून समजा.

दुसरी जागा पंपाची. एकच पंप दोन-तीन यंत्रांना पाणी देत असेल, तर सगळ्या बोर्डांचे पंपाचे टर्मिनल एकत्र बांधायचे नाहीत. एका बोर्डाची वीज उलटी दुसऱ्या बोर्डात शिरते, आणि दोन यंत्रं वेगळ्या फेजवर असतील तर सरळ शॉर्ट होतं. पंपासाठी वेगळी रिले पेटी बसवावी; प्रत्येक बोर्डानं फक्त रिलेला इशारा द्यावा, पंपाला वीज रिलेनं द्यावी.

वायर अनेक बारीक तारांचीच हवी, शक्यतो कलई केलेली. घरातली एकतारी वायर बोटीच्या हादऱ्यांनी तुटते. टोकाला नीट दाबून लग बसवावा, अर्थची तार विसरू नये.

वीज चालू केल्यावर आधी सेटिंगमध्ये पंख्याच्या मोटरचा प्रकार भरा : शेडेड पोल की कपॅसिटरवाली. तो चुकला तर हळू वेगावर मोटर गुणगुणते आणि तापते. गारवा मागितल्यावर गरम हवा आली, तर उलटवणाऱ्या व्हॉल्व्हची वायर बघा. मग यंत्र बंद करून लगेच चालू करा. कॉम्प्रेसरनं वाट बघितली पाहिजे.

शेवटी एक सेटिंग, जे आपल्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच कंट्रोलमध्ये ओल काढण्याचा मोड असतो. माणसं नसतानाही दर काही तासांनी तो एसी थोडा वेळ चालवतो. बोट पाण्यात आणि विजेवर असताना तो वरदान आहे. पण पावसाळ्यात बोट ओढून जमिनीवर ठेवली असेल आणि त्या वेळी वीज जोडलेली असेल, तर हाच मोड पंप कोरडा चालवून जाळेल. म्हणून बोट पाण्याबाहेर काढण्याआधी एसीचा एमसीबी पाडून ठेवा, आणि नव्या वायरिंगचा नकाशा पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवा. पुढच्या दुरुस्तीला तो हवाच असतो.