ऐन वेळी खेळतो तो कोण?

क्लच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्कूटर येते. अमेरिकेत बेसबॉलच्या गप्पा चालल्या असतील, तर त्याच शब्दाचा अर्थ निराळा होतो. सामना अटीतटीला आलेला, हारजीत एका फटक्यावर अडलेली, अशा वेळी जो हमखास फटका मारतो तो 'क्लच हिटर'. मराठीत आपण त्याला मोक्याचा फलंदाज म्हणू.

हा शब्द मला एका अकरा वर्षांच्या मुलानं शिकवला. ऑक्टोबर २०१३ मध्ये मी बॉस्टनजवळ भाचीकडे राहायला गेलो होतो. तेरा तारखेच्या रात्री सगळं घर टीव्हीसमोर बसलेलं. बॉस्टनचा रेड सॉक्स संघ डेट्रॉइटच्या विरुद्ध १-५ असा मागे. नऊपैकी आठवा डाव, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर एकेक खेळाडू, आणि बॅट घेऊन आला डेव्हिड ऑर्टिझ. भाचीचा मुलगा सोफ्यावर उभा राहिला आणि ओरडला, "नाना, बघा आता. पापी क्लच आहे!"

मी दचकलो. मग भाचीनं खुलासा केला. ऑर्टिझ मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा. त्याचं टोपणनाव 'बिग पापी', आणि स्पॅनिशमध्ये पापी म्हणजे लाडानं म्हटलेलं बाबा. तिचं बोलणं संपतंय तोवर पहिलाच चेंडू कुंपणापलीकडे गेला होता. चार धावा, ५-५ अशी बरोबरी. पुढच्या डावात बॉस्टन जिंकलं. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "सांगितलं होतं ना!"

त्याच्या श्रद्धेला आधार होता. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध बॉस्टन तीन सामने हरून बसलं होतं. चौथ्या सामन्यात बाराव्या डावात ऑर्टिझनं होम रन मारून संघ जगवला, पाचव्यात चौदाव्या डावात त्याच्याच फटक्यावर विजयी धाव निघाली. बॉस्टननं ती मालिका ४-३ अशी जिंकली आणि पुढे १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. २००५ मध्ये संघाच्या मालकांनी त्याला फलकच दिला, रेड सॉक्सच्या इतिहासातला सर्वांत थोर मोक्याचा फलंदाज म्हणून.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. आकड्यांशी माझी जेमतेम ओळख. पण त्या रात्री मनात प्रश्न आला. ऐन वेळी खेळणं हा खरंच वेगळा गुण असतो का? की चांगला फलंदाज कधी ना कधी मोक्याला सापडतो, आणि आपण तेवढंच लक्षात ठेवतो?

बेसबॉलचं एक बरं आहे. तिथं प्रत्येक चेंडूची नोंद असते, त्यामुळे नुसत्या वादावर भागत नाही. १९७७ मध्ये डिक क्रेमर या गृहस्थानं एक लेख लिहिला. पेशानं ते रसायनशास्त्रज्ञ, नाद बेसबॉलचा. त्यांची तपासणी साधी होती. हा गुण खरा असेल, तर तो यंदा दिसला तसा पुढच्या वर्षीही दिसायला हवा. त्यांनी १९६९ आणि १९७० हे दोन हंगाम घेतले. आपल्या एरवीच्या कुवतीपेक्षा मोक्याच्या क्षणी कोण सरस ठरला, ते काढलं. १९६९ चे मोक्याचे वीर १९७० मध्ये बाकीच्यांसारखेच निघाले. त्यांनी निष्कर्ष काढला की असा वेगळा गुण काही दिसत नाही.

मग आपल्याला तो दिसतो कसा? याचं उत्तर घरच्या घरी मिळतं. एका डब्यात तीस लाल आणि सत्तर पांढरे मणी टाका. न बघता एक काढा, रंग लिहा, मणी परत टाका. असं शंभर वेळा करा. लाल मणी म्हणजे यशस्वी फटका. शंभरात तीस फटके म्हणजे बेसबॉलमध्ये उत्तम फलंदाज. आता हाच डबा शंभर जणांना द्या. प्रत्येकाला बरोबर तीस लाल मणी मिळणार नाहीत. गणित सांगतं की साधारण सोळा जणांना पस्तीस किंवा त्याहून जास्त मिळतील, आणि तितक्याच जणांना पंचवीस किंवा कमी. डबा सगळ्यांचा एकच, तरी पहिल्या सोळांना आपण वाघ म्हणू आणि शेवटच्या सोळांना भित्रे.

खऱ्या खेळाडूंची दोन उदाहरणं बघू. न्यूयॉर्कच्या डेरेक जेटरला लोक 'मिस्टर नोव्हेंबर' म्हणत. २००१ च्या अंतिम मालिकेत मध्यरात्र उलटून नोव्हेंबर लागला, तेव्हा त्यानं विजयी होम रन मारला होता. हंगामानंतरच्या निर्णायक स्पर्धांचे तो १५८ सामने खेळला, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण हंगाम. त्यात त्याचं प्रमाण शंभरात सुमारे एकतीस फटके. आणि एरवीच्या सगळ्या कारकिर्दीत? तेही सुमारे एकतीस.

त्याचाच सहकारी ॲलेक्स रॉड्रिग्ज. २००५ आणि २००६ च्या निर्णायक सामन्यांत त्याला एकोणतीस संधींत तीनच फटके जमले. एवढ्या मोठ्या खेळाडूला एका सामन्यात आठव्या क्रमांकावर ढकललं. हा कचखाऊ, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. २००९ मध्ये तोच माणूस तशाच सामन्यांत बावन्न संधींत एकोणीस फटके मारून गेला, त्यात सहा होम रन, आणि यांकीज विजेते ठरले. त्याचं काळीज तीन वर्षांत बदललं होतं का? मला वाटतं, डब्यातला हात तेवढा दुसऱ्या मण्यांवर पडला.

पण गोष्ट इथं संपत नाही. बिल जेम्स हे बेसबॉलच्या आकडेशास्त्रातलं मोठं नाव. तरुणपणी ते एका डबाबंद खाद्याच्या कारखान्यात रात्रीची राखण करत आणि उरलेल्या वेळात आकडे मांडत. क्रेमर यांचं म्हणणं त्यांनी बरीच वर्षं मानलं, आणि पुढे एका लेखात आपणच आपल्याला खोडून काढलं. त्यांचा मुद्दा धुक्याचा होता. पहारेकऱ्याला धुक्यात कुणी दिसलं नाही, म्हणजे कुणी नाहीच असं नव्हे. धुकं दाट असेल तर फौजसुद्धा दिसणार नाही. एका हंगामात मोक्याच्या संधी येतात थोड्या. नशिबाचं धुकं एवढं दाट, की लहानसा गुण असला तरी त्यात बुडून जाईल. गंमत म्हणजे त्या काळात जेम्स नोकरीला होते ते ऑर्टिझच्याच संघात.

मग धुकं हटवायला जास्त आकडे लागले. २००६ मध्ये टँगो, लिच्टमन आणि डॉल्फिन या तिघांनी अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांपैकी डॉल्फिन खगोलशास्त्रज्ञ, अंधूक तारे शोधणं हा त्यांचा धंदाच. त्यांना काहीतरी दिसलं. दर सहा फलंदाजांपैकी साधारण एक जण दडपणाखाली थोडा सुधारतो आणि साधारण तितकेच घसरतात. किती सुधारतो? हजार वेळा बॅट घेऊन गेला, तर आठ-एक वेळा जास्त वाचतो. बस्स, एवढंच. म्हणून त्यांचा सल्ला असा, की मोक्याला नावाजलेला खेळाडू शोधत बसू नका, एरवी जो चांगला आहे त्यालाच पाठवा.

याचं एक कारण मला पटतं. या स्पर्धेत तीस संघ, प्रत्येकात सव्वीस खेळाडू. तिथवर पोचायला शाळेपासून शेकडो अटीतटीचे सामने खेळावे लागतात. ज्याचे हात खरोखर थरथरतात, तो बहुधा आधीच कुठंतरी मागे राहतो.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतो, तेही सांगतो. १९९४ मध्ये एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. मैदान भरलेलं. माझीच कविता, कागदाशिवाय पन्नास वेळा म्हटलेली. तिसऱ्या कडव्याला आलो आणि पुढचं काही आठवेना. मी खाली बसलो. त्यानंतर बरीच वर्षं संयोजक माझं नाव सुरुवातीला घ्यायचे, लोक सतरंज्या शोधत असतात त्या वेळी. 'कविता चांगली आहे हो त्याची, पण ऐन वेळी गडबडतो.' पन्नास वेळा न चुकता म्हटल्याचा हिशेब कुणी मांडला नाही. हळूहळू मीही तो मांडायचं सोडून दिलं आणि खिशात कागद ठेवू लागलो.

अमेरिकेत बेसबॉलवरची सर्वांत गाजलेली कविता १८८८ ची आहे, अर्नेस्ट थेअर यांची. तिच्यात केसी नावाचा बलाढ्य फलंदाज आहे. आधीचे दोघे लिंबूटिंबू, त्यांच्याकडून कुणाला आशा नाही, पण ते फटके मारून बेसवर पोचतात. आणि सगळं गाव ज्याच्यावर भिस्त ठेवून आहे, तो केसी मात्र बाद होतो. क्रेमर यांच्या लेखाआधी नव्वद वर्षं हे एका कवीनं लिहून ठेवलं होतं.

भाचीचा मुलगा आता कॉलेजही संपवून बसला. मध्यंतरी फोनवर मी त्याला म्हटलं, "अरे, २०१३ च्या त्या डेट्रॉइटच्या मालिकेत तुझ्या पापीला बावीस संधींत दोनच फटके जमले होते. त्यातला एक तो." तो हसला. म्हणाला, "आणि लगेच पुढच्या अंतिम मालिकेत सोळा संधींत अकरा, ते विसरलात नाना?"

नाही विसरलो. दोन्ही आकडे एकाच माणसाचे, एकाच महिन्यातले. त्या आठवड्यात तो भित्राही नव्हता आणि पुढच्या आठवड्यात देवही झाला नव्हता. तो मोठा फलंदाज होता, आणि एवढ्या गर्दीसमोर तेवढाच राहू शकला, हे मला पुरेसं वाटतं. आपल्या घरात, शाळेत, कचेरीत कुणी एखाद्या वेळी अडखळलं, तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्या बाकीच्या एकोणपन्नास वेळा मोजाव्यात, एवढीच विनंती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)