पत्त्यांच्या देशातील राजपुत्र

मोहगावच्या एका शिक्षकमित्राची परवा विचारणा आली. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी देशप्रेमावर नाटक हवे. परंतु तलवारी आणि घोषणा ह्यांचे नको, तशी पुष्कळ झाली. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि मोठ्या खरेदीला नागपूर, अशा गावच्या मुलांना ‘आपला देश’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न इतरांहून लवकर पडत असावा. मी त्यास रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘ताशेर देश’, म्हणजे पत्त्यांचा देश, हे नाटक सुचविले. का सुचविले, ते वाचकांसही सांगावेसे वाटते.

रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली, तेव्हा त्यांच्या मदतीस ब्रह्मबांधव उपाध्याय नावाचा एक कॅथलिक संन्यासी होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. दोघेही १८६१ सालचे. बंगाली ब्राह्मण कुळात जन्मलेल्या उपाध्यायांनी १८९१ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि भगवी वस्त्रे धारण केली. आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपुरास नर्मदेकाठी, त्यांनी १८९९ साली कॅथलिक मठ आरंभिला होता. वरिष्ठांची अनुमती न मिळाल्याने तो टिकला नाही. शांतिनिकेतनातही ते फार दिवस राहिले नाहीत. पुढे ‘संध्या’ पत्रातून त्यांनी इंग्रजी राज्यावर अशी आग ओतली, की १९०७ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. निकाल लागण्यापूर्वीच, त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला, कलकत्त्याच्या रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले.

रवींद्रनाथांची वाट निराळी. वंगभंगाच्या चळवळीत त्यांनीही गीते रचली, मिरवणुकीत चालले. पण द्वेषाचा दर्प येताच मागे सरले. १९१६ साली ते जपानास गेले. तेथे त्यांचे स्वागत मोठ्या थाटाचे झाले. परंतु राष्ट्राची पूजा माणसाला यंत्र करून टाकते, असे त्यांनी यजमानांनाच बजावताच ते स्वागत थंडावले. तेच त्यांनी अमेरिकेतही सांगितले, आणि १९१७ साली ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जाऊन असे बोलावयास धैर्य लागते.

ह्या प्रवासी कवीचे मोल आपल्या लोकमान्यांनी जाणले होते. त्यांनी रवींद्रनाथांस युरोपास जाण्यासाठी पन्नास हजार रुपये देऊ केले. राजकारणाचे काम आपल्याच्याने होणार नाही, म्हणून कवीने ते घेतले नाहीत. टिळकांचा निरोप असा, की राजकारण करा असे मी म्हणतच नाही. तुम्ही तुमचेच काम करा, तीच देशसेवा. दोघांची मते किती वेगळी होती, हे ध्यानी घेता हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

आता नाटकाकडे वळू. शांतिनिकेतनात नाटक म्हणजे वार्षिक करमणूक नव्हती. मुले अभिनय करीत आणि गुरुदेवही त्यांच्यासवे रंगमंचावर येत. १९३३ साली ते ही मंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हाच्या खेळांत ‘ताशेर देश’ होते. गलबत फुटून एक राजपुत्र आणि त्याचा सोबती सावकारपुत्र एका बेटावर लागतात. तेथील रहिवासी सारे पत्ते! दुरी, तिरी, पंजा, छक्का, ज्याची त्याची पायरी ठरलेली. उठणे-बसणे नियमाने, हसणे वर्ज्य. राजपुत्र लढत नाही. तो गातो, हसतो, आपल्या इच्छेने वागतो. आणि हळूहळू पत्त्यांना आपण माणसे आहोत असा संशय येऊ लागतो. गंमत अशी, की राष्ट्रवादावर टीका करणाऱ्या ह्या कवीने नाटकाची पुढील आवृत्ती सुभाषचंद्र बोस यांना अर्पण केली.

पुढल्याच वर्षी, १९३४ साली, विद्यार्थ्यांचा नाट्यसंघ घेऊन ते सिंहलद्वीपास गेले. त्या प्रवासात कँडी येथे त्यांनी ‘चार अध्याय’ ही कादंबरी पुरी केली. देशासाठी हिंसा पत्करणारी तरुण मंडळी आतून कशी पोखरली जातात, हा तिचा विषय. प्रस्तावनेत त्यांनी जुन्या सहकाऱ्याचे स्मरण केले: उपाध्याय एकदा भेटीस आले आणि जाता जाता, आपले फार पतन झाले आहे, असे म्हणून गेले. ह्या ओळींवरून बंगालात गहजब उडाला. मृत देशभक्ताची अशी कबुली चव्हाट्यावर का मांडावी, असे लोक विचारू लागले. पुढील आवृत्तीत प्रस्तावना गाळली गेली. माझ्या मते ती लिहिण्यात कवीचा दोष नव्हता. पण उपाध्यायांची बाजू सांगावयास उपाध्याय नव्हते, हेही खरेच.

मित्राने विचारले, परवानगी कोणाची काढावी? रवींद्रनाथांच्या लेखनाचे स्वामित्वहक्क २००१ अखेर संपले. कोणाचे छापील भाषांतर घ्यावयाचे असेल तर मात्र त्या भाषांतरकाराला विचारावे. वेशभूषेचा खर्चही नाही. संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे पाठीपोटाशी बांधले, की पत्ता तयार. अडचण एकच आहे. राजपुत्र व्हावयास वर्गातील सगळीच मुले तयार आहेत, पत्ता व्हावयास अद्याप कोणी नाही.