प्रोटॉनच्या स्पिनचा न जुळलेला हिशोब

रुग्णालयातले एमआरआय यंत्र चालते ते मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या प्रोटॉनांवर. प्रत्येक प्रोटॉनला स्पिन असते, म्हणून तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. हे स्पिन किती, हे पक्के ठाऊक आहे: प्लांकच्या एककात नेमके अर्धे. ते अर्धे येते कुठून, याचे उत्तर मात्र अजून पुरते मिळालेले नाही.

एके काळी ते सोपे वाटत होते. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क, प्रत्येकाचे स्पिन अर्धे. दोघांचे एका दिशेला, तिसऱ्याचे उलट, की बेरीज जुळली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत युरोपियन म्युऑन कोलॅबोरेशनने हे तपासले. प्रोटॉनांची स्पिन एका दिशेला लावलेल्या अमोनियावर त्यांनी म्युऑन या विद्युतभारित कणांचा मारा केला. 1988 साली निकाल छापून आला आणि सगळे चक्रावले. क्वार्कांच्या स्पिनचा वाटा इतका थोडा निघाला, की शून्य असला तरी मापनात बसला असता. पुढच्या प्रयोगांनी तो साधारण 30 टक्क्यांपर्यंत नेला. उरलेला भाग शोधायचा तो क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या स्पिनमध्ये आणि या सगळ्यांच्या आतल्या भ्रमणात.

ग्लुऑनला विद्युतभार नसतो, त्यामुळे म्युऑनला तो थेट दिसत नाही. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळला, तर ग्लुऑन स्वतःच टकरीत उतरतात. अमेरिकेत लाँग आयलंडवर, ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या 3.8 किलोमीटर परिघाच्या ‘रिक’ या त्वरकात हेच केले गेले. तिथल्या फिनिक्स प्रयोगात मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्रही सहभागी होते.

मला यातले सर्वात मोठे कर्तृत्व टकरीपूर्वीचे वाटते. प्रोटॉन वर्तुळात लाखो फेऱ्या मारतो आणि चुंबकांमधली बारीकशी चूक प्रत्येक फेरीत साचत जाऊन त्याच्या स्पिनची दिशा बिघडवते. नोवोसिबिर्स्कच्या डर्बेनेव्ह आणि कोंद्रातेंको यांनी 1970च्या दशकात त्यावर तोड काढली. वर्तुळात समोरासमोर दोन जागी पिळदार चुंबकरचना बसवायची. प्रत्येक ठिकाणी स्पिन पुरते उलटते, आणि अर्ध्या फेरीत झालेला बिघाड उरलेल्या अर्ध्या फेरीत पुसला जातो. या रचनेला ‘सायबेरियन स्नेक’ म्हणतात. रिकच्या दोन्ही कड्यांत अशा दोन-दोन आहेत.

मग उरते ती मोजणी. आदळणाऱ्या दोन प्रोटॉनांची स्पिन समांतर असताना किती कण उडाले आणि विरुद्ध असताना किती? हा फरक बहुधा एक-दोन टक्क्यांच्याही आत असतो. यंत्राच्या दोषामुळे खोटा फरक दिसू नये, म्हणून प्रोटॉनांच्या पाठोपाठ येणाऱ्या झुंडींची स्पिन ठरावीक क्रमाने आलटून पालटून ठेवतात. 2009 सालच्या टकरींची आकडेमोड 2014 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा ग्लुऑनांचा वाटा प्रथमच स्पष्टपणे धन दिसला. हा माझ्या मते रिकचा सर्वात मोलाचा निष्कर्ष.

पण तो प्रोटॉनच्या संवेगातला बऱ्यापैकी हिस्सा वाहणाऱ्या ग्लुऑनांपुरता आहे. अगदी थोडा संवेग असलेल्या ग्लुऑनांची संख्या प्रचंड, आणि त्यांच्याबद्दलची अनिश्चितता तितकीच मोठी. त्यासाठी ब्रूकहेवनमध्येच, रिकचे एक कडे वापरून, इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभारायचे ठरले आहे. त्यात स्पिन लावलेले इलेक्ट्रॉन तशाच प्रोटॉनांवर आदळतील. इलेक्ट्रॉनला अंतर्रचना नाही. तो किती वळला आणि किती ऊर्जा गमावून बाहेर आला, यावरून आतल्या कोणत्या संवेगाच्या घटकाला धडकला हे काढता येते. ग्लुऑन त्याला थेट दिसत नसले, तरी मारा सौम्य-तीव्र करत गेल्यावर क्वार्कांच्या स्पिनचे माप जसे बदलते, त्यावरून त्यांचा वाटा उमजतो. त्यासाठी ऊर्जेचा पल्ला मोठा हवा, आणि तो या कोलायडरमध्ये मिळणार आहे.