ओकीटीचा कॉर्न स्नेक: रंग खरा, समज खोटे

नारिंगी अंगावर गडद तांबडे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला काजळ घातल्यासारखी जाड काळी किनार. ओकीटी कॉर्न स्नेकचा फोटो पाहिला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: हा रंग जंगलातला नव्हे, पैदास करणाऱ्यांनी घडवलेला. प्रत्यक्षात अमेरिकेत साऊथ कॅरोलिनाच्या दक्षिण टोकाला, जास्पर काउंटीत, ओकीटी क्लब नावाचं शिकारीचं मोठं रान आहे. तिथले कॉर्न स्नेक मुळातच असे असतात. स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड यांनी 1957 मधल्या आपल्या पुस्तकातून त्यांना प्रसिद्धी दिली आणि मग पडक्या खोपटांचे पत्रे उलथवत सापवेडे तिथे हिंडू लागले. कौतुकाने सापांचं भलं झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

इतका भडक साप लपणार कसा, असंही विचारलं जातं. मात्र या भागात पाइनच्या वाळलेल्या सुयांचा तांबूस-तपकिरी थर पसरलेला असतो. सुटा फोटो पाहताना डोळ्यात भरणारी काळी किनार तिथे सापाची आकृती तुकड्यातुकड्यांत मोडून टाकते. शिवाय हा साप बराच वेळ नजरेआडच असतो: कुजलेल्या बुंध्यांच्या पोकळ्यांत, सैल सालीखाली, उंदरांच्या बिळांत. शिकारही उंदरांचीच, पिल्लं मात्र सरडे आणि छोट्या झाडबेडकांवर वाढतात. मका तो खात नाही, मक्याच्या कोठारात उंदीर असतात म्हणून तिथे दिसतो.

तांबडा म्हणजे विषारी, हा समज सर्वांत महाग पडतो, आणि तो सापालाच. कॉर्न स्नेक बिनविषारी आहे, भक्ष्याला विळखा घालून मारतो. त्याच प्रदेशात कॉपरहेड हा विषारी साप आहे, आपल्याकडच्या चापड्याच्या कुळातला. लोक गफलत करतात आणि काठी पडते कॉर्न स्नेकवर. घाबरला की हा शेपटी थरथरवतो, वाळक्या पानांत त्याचा खुळखुळ आवाज होतो, त्यामुळे संशय आणखी वाढतो. फरक ओळखणं तसं सोपं आहे. कॉर्न स्नेकची बाहुली गोल, कॉपरहेडची उभ्या फटीसारखी. कॉर्न स्नेकच्या डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात.

आता माणसाने घडवलेल्या रंगांबद्दल. त्यांचीही सुरुवात बहुतेक वेळा रानातच झाली. 1953 साली नॉर्थ कॅरोलिनात काळा रंगच नसलेला एक नर सापडला. त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याची जोडी साध्या माद्यांशी लावली. पिल्लं सगळी साधी निघाली. नातवंडांत मात्र तो रंग परतला. म्हणजे हा गुण अप्रभावी जनुकाचा. हे जनुक कोणतं, ते 2015 मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी दाखवलं: माणसातल्या एका प्रकारच्या वर्णहीनतेशीही निगडित असलेलं ओसीए-टू. या सापांना सरसकट ‘अल्बिनो’ म्हणतात, पण त्यांच्यात फक्त काळा रंग नसतो. तांबडा आणि पिवळा जागेवर असतात. उलट तांबडा नसलेले राखी-काळे साप नैऋत्य फ्लोरिडाच्या रानात आजही आढळतात.

ओकीटीचा मामला वेगळा आहे, त्यामागे असं एकच जनुक नाही. त्यामुळे दुकानातल्या पाटीवर ‘ओकीटी’ लिहिलं असलं तरी तो साप त्या रानाच्या वंशातला असेलच असं नाही. जाड किनारीचे साप पिढ्यानपिढ्या निवडून जुळवले, तरी तसाच साप तयार होतो. मग ‘ओकीटी’ हा गावाचा पत्ता की नुसता पेहराव, यावर शौकिनांत वाद चालूच असतो. माझं मत पत्त्याच्या बाजूने. पिल्लू पाहून तर काहीच सांगता येत नाही. अंड्यातून निघताना ते मळकट असतं, नारिंगी झळाळी वयाबरोबर चढते.

शेवटचा गैरसमज आपल्याकडचा: आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत हा साप नाही, मग आणायला हरकत काय? हरकत आहे. परदेशी जिवंत प्राणी परवान्याशिवाय भारतात आणता येत नाहीत, आणि बँकॉकहून आलेल्या सामानात दडवलेले कॉर्न स्नेक मुंबईत याच कारणाने जप्त झाले आहेत.