कुंभकोणमची बँक आणि तिच्याभोवती बुडालेल्या पेढ्या

२० ऑक्टोबर १९०६ रोजी लंडनमध्ये पॅट्रिक मॅकफेडयन नावाच्या एका सावकारी पेढीच्या मालकानं धावत्या रेल्वेखाली जीव दिला. दोन दिवसांनी, सोमवारी, मद्रासमधल्या अर्बथनॉट आणि कंपनीचे दरवाजे उघडलेच नाहीत. मॅकफेडयनची पेढी आणि अर्बथनॉट यांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते. इकडची उचल तिकडं आणि तिकडचा तोटा इकडं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मद्रास इलाख्यात अर्बथनॉट हे नाव सरकारी खजिन्याइतकंच भरवशाचं समजलं जाई. पेन्शनर, वकील, विधवा, देवस्थानं, मुलीच्या लग्नासाठी पैसे बाजूला टाकणारे कारकून, सगळ्यांनी तिथं पैसे ठेवले होते.

या दिवाळखोरीचा धसका मद्रासपुरता राहिला नाही. कावेरीच्या खोऱ्यात, मद्रासपासून दक्षिणेला रेल्वेनं रात्रभराच्या अंतरावर असलेल्या कुंभकोणममध्ये एक बँक तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.

‘द कुंभकोणम बँक लिमिटेड’ची नोंदणी ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी झाली. आज तिला देश ‘सिटी युनियन बँक’ म्हणून ओळखतो. पन्नास हजार कोटींहून जास्त ठेवी सांभाळणाऱ्या या बँकेचं मुख्यालय अजूनही कुंभकोणममध्येच आहे. तिच्या जवळपास सव्वाशे वर्षांच्या वाटेवर जवळच्या आणि दूरच्या अनेक बँका आडव्या झाल्या. काही कोर्टाच्या अवसायकाच्या हाती गेल्या, काही दुसऱ्या बँकांच्या पोटात विरल्या आणि त्यातल्या तीन तर हिच्याच पोटात आल्या. लहान गावातली बँक मरते तेव्हा ठेवीदाराचं नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला कुंभकोणमइतकं चांगलं ठिकाण क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला हे गाव अगदीच परकं नाही. व्यंकोजीराजांपासून १७९९ पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांकडे होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये इथल्याच देशस्थ कुटुंबात जन्मले. विधवाविवाहासाठी आयुष्यभर झगडलेले आणि होळकरांचे दिवाण राहिलेले रघुनाथराव हे त्यांचेच नातलग. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधली भाताची जमीन, दर बारा वर्षांनी भरणारा महामहमचा मेळा, पितळेची भांडी, विड्याची पानं आणि १८५४ मध्ये सुरू झालेलं सरकारी कॉलेज एवढ्या भांडवलावर हे गाव उभं होतं. जमीनदार, वकील आणि भाताचे व्यापारी यांच्याकडे हंगामात हाती पैसा असे आणि पेरणीच्या वेळी नसे. बँकेला लागतं ते नेमकं हेच.

१९०४ हे वर्ष मद्रास इलाख्यात पतपुरवठ्याच्या विचारानं भारलेलं होतं. फ्रेडरिक निकल्सन यांनी शेतकऱ्यांसाठी पतपेढ्या काढण्याबद्दलचा आपला मोठा अहवाल त्याआधीच मद्रास सरकारला दिला होता आणि त्याच वर्षी सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कुंभकोणमच्या मंडळींनी मात्र सहकारी संस्था न काढता भागभांडवलाची कंपनी काढली. आर. संतानम अय्यर हे तिचे पहिले एजंट, म्हणजे व्यवस्थापक.

अर्बथनॉटच्या बुडण्यानंतर काय झालं, ते इथं थोडं थांबून पाहायला हवं, कारण पुढच्या शंभर वर्षांत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. सगळी मालमत्ता हायकोर्टाच्या ऑफिशियल असायनीकडे, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. ठेवीदारांनी आपापले दावे पुराव्यासकट दाखल केले. सर जॉर्ज अर्बथनॉट यांच्यावर खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. गोऱ्या साहेबाला तुरुंगात जाताना पाहणं ही मद्रासला नवी गोष्ट होती, पण तुरुंगानं ठेवी परत येत नाहीत. धनकोंच्या बाजूनं उभे राहिलेल्या वकिलांत व्ही. कृष्णस्वामी अय्यर होते. ते कुंभकोणमच्या शेजारच्या तिरुविडैमरुदूरचे. आपल्या लोकांचा पैसा आपल्याच लोकांच्या बँकेत असावा, असा ध्यास त्यांनी घेतला आणि १९०७ मध्ये इंडियन बँक उभी राहिली. त्या बँकेचं नाव या गोष्टीत पुढं पुन्हा येणार आहे.

कुंभकोणम बँक या वादळात टिकली. तिच्या कारभाराचं सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे शाखा. १९०४ मध्ये सुरू झालेल्या या बँकेनं आपली पहिली शाखा मन्नारगुडीला उघडली ती २४ जानेवारी १९३० रोजी. म्हणजे पाव शतक एकाच गावात, एकाच कार्यालयातून कारभार! आजच्या वाढीच्या भाषेत हा आळस ठरेल. पण बँकेचे संचालक ज्यांना कर्ज देत त्यांचं शेत, त्यांचं कुळ, त्यांचा कोर्टातला दावा आणि त्यांच्या भावाचं कर्ज हे सगळं संचालकांना पायी फिरून दिसत होतं. लहान बँकेची खरी पुंजी ही ओळख असते आणि बँक ओळखीच्या पलीकडे गेली की ही पुंजी पहिल्यांदा आटते.

पहिली शाखा मात्र अवघड वेळी निघाली. जागतिक मंदी आली आणि भाताचे भाव कोसळले. कावेरीच्या खोऱ्यात सगळं तारण शेवटी भातावर येऊन थांबतं. भाव गेला की जमिनीची किंमत जाते, आणि जमिनीची किंमत गेली की कर्जाला आधार उरत नाही. १९३८ मध्ये तर दोन्ही बाजूंनी घाव बसले. राजाजींच्या मंत्रिमंडळानं शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९३७ पर्यंतचं थकलेलं व्याज माफ आणि मुद्दलाच्या दुप्पट रक्कम आधीच भरली असेल तर कर्जच फिटलं, असं त्यात होतं. सावकारी पाशात पिढ्यान्‌पिढ्या पिचलेल्या कुळांसाठी हा न्यायच होता. पण जमिनीच्या तारणावर पैसे दिलेल्यांची वसुली त्यानं एका झटक्यात आकसली.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक’ बंद पडली. दोन बँका एकत्र येऊन ती बनली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. शाखा सत्तरहून अधिक, ठेवीदार दक्षिणेत सर्वदूर. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर आणि बँकेचे चालक यांच्यातलं वैर जगजाहीर होतं. ठेवी काढायला झुंबड उडाली आणि तीन वर्षांची कोवळी रिझर्व्ह बँक मदतीला धावली नाही. पुढं चालकांना तुरुंगवास झाला. बँक दुबळी होती की ती पाडली गेली, हा वाद केरळमध्ये अजून मिटलेला नाही. ठेवीदाराच्या दृष्टीनं मात्र फरक नव्हता. त्याचं पासबुक आता मद्रास हायकोर्टातल्या अवसायन खटल्यातला एक दावा झालं होतं.

अवसायन म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. अवसायक आला की पहिल्यांदा बँकेचं घड्याळ थांबतं. त्या दिवसानंतर व्याज नाही, काढणं नाही, धनादेश वटणं नाही. मग कर्जदारांकडून वसुली सुरू होते, पण बंद पडलेल्या बँकेचं कर्ज फेडायची घाई कोणाला असते? चांगला कर्जदार दुसरीकडे जातो, वाईट कर्जदार वकील करतो. इमारती विकल्या जातात, रोखे मोडले जातात, खर्च वजा होतो आणि उरेल त्यातून रुपयामागं इतके आणे अशा हप्त्यांनी ठेवीदारांना वाटप होतं. वर्षं जातात. खातेदार मरतात आणि वारसांचे दाखले जोडावे लागतात. बँक चालू असताना ज्या कर्जातून शंभर पैसे वसूल झाले असते, त्यातून ती बंद पडल्यावर साठ निघतात, कारण कर्जदार आणि बँक यांच्यातला रोजचा संबंधच तुटलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर ही पद्धत बदलली त्याला निमित्त झाल्या दोन बँका, आणि त्यातली एक आपली, अकोल्याची. १९६० च्या मध्यावर अकोल्याची ही लक्ष्मी बँक बुडाली. पाठोपाठ ८ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेनं केरळमधली पालै सेंट्रल बँक गुंडाळण्यासाठी हायकोर्टात अर्ज केला. संसदेत गदारोळ झाला. काही आठवड्यांतच बँकिंग कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ४५ नव्या रूपात आलं. दुबळ्या बँकेचे व्यवहार सरकारी हुकमानं काही महिने थांबवायचे, तेवढ्या अवधीत तिचा हिशेब मांडायचा आणि तिला एखाद्या सशक्त बँकेत विलीन करायचं, असा तो मार्ग. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. मर्यादा होती दर ठेवीदारामागं १,५०० रुपये.

त्यानंतर जे घडलं त्याची कल्पना आकड्यांवरूनच येते. १९५१ मध्ये देशात ५६६ व्यापारी बँका होत्या, १९६९ मध्ये ८९ उरल्या. गावोगावच्या शेकडो पाट्या खाली उतरल्या.

कुंभकोणममध्ये हे काम सरकारी हुकमाच्या आधीच सुरू झालं होतं. १९५७ मध्ये कुंभकोणम बँकेनं कॉमनवेल्थ बँकेची सगळी देणी-घेणी आपल्या अंगावर घेतली. तिच्याबरोबर आडुदुरै, कोडवासल, वलंगैमान, जयंकोंडचोळपुरम आणि अरियलूर या पाच शाखा आल्या. एप्रिल १९६५ मध्ये सिटी फॉरवर्ड बँक आणि युनियन बँक या दोन स्थानिक बँका एकत्रीकरणाच्या योजनेनं हिच्यात आल्या. नन्निलम, कोरडाचेरी, तिरुवारूर, तिरुत्तुरैपूंडी, मणप्पारै आणि खुद्द कुंभकोणम अशा सहा शाखा वाढल्या. नाव झालं ‘कुंभकोणम सिटी युनियन बँक’. १९८७ मध्ये त्यातला ‘कुंभकोणम’ गळाला. गावाचं नाव गेलं आणि विलीन झालेल्या दोन्ही बँकांची नावं राहिली.

या यादीतली गावं नकाशावर शोधली तर बहुतेक सगळी एकाच खोऱ्यात, एकमेकांच्या शेजारी सापडतात. याला मोठं महत्त्व आहे. वलंगैमानचा जो शेतकरी कॉमनवेल्थ बँकेचा कर्जदार होता, तो विलीनीकरणानंतरही ओळखीच्याच लोकांपुढं बसला. वसुली थांबली नाही, पेरणीचं कर्ज थांबलं नाही, ठेवीदाराला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. शेजारची, त्याच मातीतली, धड स्थितीतली बँक वेळेवर पुढं येणं हा ठेवीदाराच्या वाट्याला येणारा सगळ्यात चांगला शेवट. तो अवसायकापेक्षा कितीतरी माणुसकीचा आहे.

पण शेजारी प्रत्येक वेळी पुरत नाही. बँक ऑफ तंजावर १९९० मध्ये कोसळण्याच्या बेतात आली तेव्हा तिच्या १५७ शाखा होत्या. एवढं ओझं कोणत्याही गावच्या बँकेला पेलणारं नव्हतं. ते उचललं सरकारी इंडियन बँकेनं, म्हणजे अर्बथनॉटच्या राखेतून उभ्या राहिलेल्या बँकेनं. ठेव विमा महामंडळाला या एका बँकेपायी सुमारे पावणेअकरा कोटी रुपये मोजावे लागले.

दोनच वर्षांत तशीच पाळी कराडवर आली. बँक ऑफ कराड ही १९४६ पासून कृष्णाकाठच्या ठेवींवर चाललेली बँक. तिच्या मुंबईतल्या कारभारात दलालांसाठी ‘बँक रिसीट’ दिल्या गेल्या, ज्यांच्या मागं रोखेच नव्हते. एप्रिल १९९२ मध्ये रोखे घोटाळा उघडकीला आला आणि मे महिन्यात बँक अवसायनात निघाली. दलाल स्ट्रीटवरच्या व्यवहारांची किंमत साताऱ्याच्या ठेवीदारांनी जीव मुठीत धरून मोजली. विमा महामंडळाला ३७ कोटी रुपये द्यावे लागले आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियानं तिचा ताबा घेतला.

सहकारी बँकांना तर बराच काळ हाही आसरा नव्हता. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. नऊ वर्षं! त्यात निवृत्तीचे पैसे अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांची आयुष्यं सरली. त्याउलट करूरच्या लक्ष्मी विलास बँकेवर १७ नोव्हेंबर २०२० रोजी निर्बंध आले, पंचवीस हजारांच्या वर रक्कम काढता येईना, आणि दहा दिवसांत ती डीबीएस बँकेत विलीन झाली. भागधारकांचं सगळं भांडवल शून्यावर आलं, पण ठेवीदाराचा एक पैसाही बुडाला नाही. त्याच देशात, त्याच रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली एका ठेवीदारानं दहा दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्यानं नऊ वर्षं. सहकारी बँकांवर राज्य आणि केंद्र असा दुहेरी अंमल होता, हे त्याचं कारण सांगितलं जातं. ते खरं आहे आणि तरीही ते कुणाही ठेवीदाराच्या तोंडावर सांगण्यासारखं नाही. पैसे अडकलेल्या पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी रस्त्यावर उतरून टाहो फोडल्यानंतर विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याचं बंधन २०२१ मध्ये आलं.

त्याच २०२१ मध्ये कुंभकोणमच्या भिंतींवर पोस्टर लागली. हेलिकॉप्टर बाळगणाऱ्या दोन भावांच्या वित्तसंस्थेत पैसे दुप्पट होतील या आशेनं गुंतवलेली रक्कम परत मिळत नाही, अशी त्यावर तक्रार होती. ऑगस्टमध्ये दोघांना अटक झाली. ज्या गावात एक बँक एकही शाखा न काढता पाव शतक जपून चालली, त्याच गावात हे घडलं. या गुंतवणूकदारांना बँकिंग कायद्याचं कलम ४५ लागू नव्हतं आणि पाच लाखांचा विमाही नव्हता, कारण त्यांनी पैसे बँकेत ठेवलेच नव्हते. अशा लोकांसाठी तामिळनाडूनं १९९७ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. दोन वर्षांनी महाराष्ट्रानं त्याच धर्तीवर एमपीआयडी कायदा आणला. त्यात चालकांची मालमत्ता सरकारी अधिकारी जप्त करतो, विशेष न्यायालयाच्या परवानगीनं ती विकली जाते आणि येईल ती रक्कम दावेदारांत प्रमाणशीर वाटली जाते. १९०६ मध्ये मद्रासच्या ऑफिशियल असायनीनं अर्बथनॉटची कपाटं उघडून जे काम सुरू केलं होतं, ते जवळपास हेच होतं.