ताईच्या कॉलेजची वजाबाकी

मुलांनो, ताईचा किंवा दादाचा बारावीचा निकाल लागला, की घरात एकच प्रश्न येतो, ‘फी किती?’ माहितीपुस्तकातला आकडा बघून आई गप्प होते, बाबा चष्मा काढून ठेवतात आणि एखादं चांगलं कॉलेज यादीतून कटाप! पण जरा थांबा. छापलेली फी वेगळी आणि आपल्या घरातून जाणारे पैसे वेगळे. ते काढायला चौथीतली वजाबाकी पुरते.

आयआयटीचंच बघा. २०१६ साली तिथल्या बी.टेक.ची शिक्षण फी वर्षाला २ लाख रुपये झाली. त्याच वेळी असंही ठरलं, की घरचं वार्षिक उत्पन्न १ लाखाहून कमी असेल तर ही फी पूर्ण माफ आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. करा वजाबाकी! दोन लाखांतले उरले सुमारे ६७ हजार. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र वेगळा.

आता आपल्या राज्यात या. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या किंवा खासगी अभिमत विद्यापीठातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. समजा, दोन कॉलेजांची शिक्षण फी सारखीच, ९० हजार. एक केंद्रीय प्रक्रियेतलं, दुसरं खासगी अभिमत विद्यापीठाचं. या सवलतीत बसणाऱ्या ताईला पहिल्याची शिक्षण फी शून्य! दुसऱ्याची स्वतःची शिष्यवृत्ती नसेल, तर पुरे ९० हजार. आकडा सारखा, पण केवढा फरक!

काही ठिकाणी ‘कमवा आणि शिका’ योजनाही असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, ते याच विचारानं. गरिबाघरची मुलं तिथे काम करून शिकली.

पालकहो, प्रत्येक कॉलेजला हे चार प्रश्न जरूर विचारा. माफी नेमकी कोणत्या फीला आहे? पुढच्या वर्षीही मिळेल का, आणि कोणत्या अटीवर? आधी सगळी फी भरावी लागेल का? आणि ‘मदत’ म्हणून जे सांगतात ते परत फेडायचं आहे का? फेडायचं असेल तर ते कर्ज! ते वजा करू नका. उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला निकालाची वाट न बघता काढून ठेवा. दाखल्यासाठी सवलत हुकायला नको.

आणि मुलांनो, तुमच्यासाठीही काम आहे बरं का! वहीत चार रकाने आखा: कॉलेज, वर्षाचा एकूण खर्च, माफी व शिष्यवृत्ती, उरलेली रक्कम. एकूण खर्चात वसतिगृह, मेस, पुस्तकं आणि एसटीचा पासही धरा. ताईच्या यादीतलं एकेक कॉलेज त्यात लिहा. शेवटचा रकाना भरल्याशिवाय एकाही कॉलेजवर काट मारू द्यायची नाही. कबूल?